ग्रेसचे सहा मार्क

थोरवडे सरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत गणितात एकाही पोराला नापास केलं नाही. एकोणतीस पडले तरी पस्तीस, चोवीस पडले तरी पस्तीस. "पोरगं घरी जाऊन मार खाणार, त्यापेक्षा माझ्या पेनातली थोडी लाल शाई गेली तर काय बिघडलं?" असं ते स्टाफरूममध्ये खुशाल सांगायचे. निम्म्या कराडला ते याच कारणासाठी आवडायचे. उरलेल्या निम्म्यांना गणित येत होतं, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता.

आणि नेमक्या याच माणसाच्या हातात दवाखान्यानं रोज संध्याकाळी सहा वाजता भरायचा फॉर्म दिला होता!

"आज उज्ज्वलाताईंनी किती खाल्लं?" फोननं विचारलं.

सरांनी बायकोच्या ताटाकडे पाहिलं. भाकरीचा चतकोर गेला होता, तोही आमटीत कुस्करून. फोनवर "चतकोर" असा पर्याय सरळ समोर होता. सरांचं बोट त्याच्यावर गेलं, तिथून "अर्धी"वर सरकलं आणि शेवटी "एक"वर टेकलं. उद्या खाईलच की ती एक, मग आजच लिहिली तर काय झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"लिहिलंत का हो?" आतून उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"लिहिलं. दुखतंय किती, ते तू सांग."

"लिहा दोन. बरं आहे."

गेले तीन महिने हे असं चाललं होतं.

उज्ज्वलाबाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो यकृतात उतरला होता. तोवर बऱ्याच कॅन्सरना औषधं निघाली होती. जी माणसं पूर्वी वर्षभरात जायची ती आता गोळी घेऊन नातवंडांच्या मुंजी लावत होती. पण यांच्या कॅन्सरला औषध नव्हतं. डॉक्टरांनी ते दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. बरा करता येणार नाही, पण उरलेले दिवस चांगले जातील एवढं मात्र करता येईल, असं ते म्हणाले आणि त्यांनी उज्ज्वलाबाईंच्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक बारीक यंत्र बसवून दिलं. आकारामुळे सगळे त्याला तांदूळच म्हणायचे.

तांदळाचं काम सोपं होतं. कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. दर चार तासांनी तांदूळ ते तुकडे आणि रक्तातल्या इतर खुणा मोजायचा. रोग किती फोफावला, अंगातलं मांस किती झडतंय, हे त्यावरून कळायचं. पण सारखंच रक्त असलेली दोन माणसं सारखी जगत नाहीत. एक जण खातो, हिंडतो, झोपतो, तर दुसरा अंथरूण धरतो. भूक आणि वेदना रक्तात दिसत नाहीत, त्या माणसालाच सांगाव्या लागतात. म्हणून रोज सहाला घरच्यांनी पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. दोन्ही माहिती एकत्र करून, आधीच्या लाखो रोग्यांशी ताडून यंत्र एक आकडा काढायचं. त्याला "उमेदीचे दिवस" म्हणायचे. मरणाची तारीख नव्हे. आणखी किती दिवस हे माणूस स्वतः उठेल, स्वतःच्या हातानं जेवेल आणि स्वतःचं स्वतः ठरवेल, त्याचा अंदाज.

पोटावर औषधाची एक पट्टी चिकटवलेली असायची. दुखण्याचा जो आकडा सांगितला असेल, तेवढंच औषध ती सोडायची. दोन सांगितले की दोनाचं औषध.

त्या ऑक्टोबरात उज्ज्वलाबाईंचे उमेदीचे दिवस एकशे बारा दाखवत होते.

"म्हणजे जानेवारी आरामात," त्या म्हणाल्या. "चाफेरच्या यात्रेला जाऊ."

चाफेर काय आहे ते सरांना ठाऊक होतं. लग्नानंतर सहा वर्षांनी एका रात्री तिनं ते रडत रडत सांगितलं होतं, त्यानंतर पुन्हा कधी नाही.

उज्ज्वलाबाई कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होत्या. माईकवर बसायच्या. त्यांचा आवाज असा खणखणीत की झोपलेला प्रवासी दचकून आपल्या फलाटाकडे पळायचा. पाटणच्या पलीकडे डोंगरात चाफेर नावाची वाडी आहे, तिथली मुक्कामी गाडी पावणेपाचला सुटायची. एकदा ती गाडी येतानाच घाटात बंद पडली. फोन आला, आज गाडी येत नाही. पण त्याच आठवड्यात स्टँडवर प्रवाशांनी दगडफेक केली होती, म्हणून वरून निरोप आला, गाडी रद्द म्हणू नका, पंधरा मिनिटांत येते म्हणा. उज्ज्वलाबाई नोकरीत नव्या होत्या. त्यांनी म्हटलं. दर पंधरा मिनिटांनी म्हटलं, तब्बल चार तास.

बाकावर बाळू झोरे नावाचा एक माणूस बसला होता. त्याची आई चाफेरला शेवटच्या घटका मोजत होती. खरं कळलं असतं तर तो वडापच्या खाजगी जीपनं तेव्हाच निघून गेला असता. तो पोचला तेव्हा तिला जाऊन दोन तास झाले होते. आठ दिवसांनी तो खिडकीशी आला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. फक्त विचारलं, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाही हो," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

तो मान हलवून गेला. त्यानंतर तीस वर्षं उज्ज्वलाबाईंनी माईकवर एकदाही खोटं सांगितलं नाही. दोनदा मेमो खाल्ला, पण गाडी रद्द असेल तर रद्द म्हटलं. झोरे मात्र त्यांच्या गळ्याशी अडकूनच राहिला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या त्या म्हणाल्या होत्या, "अहो, मला एकदा चाफेरला जायचंय. त्याला 'हो, ठाऊक होतं' म्हणून सांगायचंय."

आता अवघड काम पुढं ढकलायला सगळ्यांनाच बरं वाटतं, त्यांनाही वाटलं. एकशे बारा दिवस हाताशी आहेत, घाई काय? यात्रेला गावातली सगळी माणसं घरी असतात, तेव्हाच जाऊ, असं ठरलं.

सिस्टर जबीन मुल्ला दर पंधरा दिवसांनी घरी यायची. दवाखान्याच्या घरपोच सेवेत होती आणि थोरवडे सरांची नववीची विद्यार्थिनी होती. त्या दिवशी तिनं टॅब उघडला, कपाळाला आठ्या घातल्या आणि हळूच म्हणाली, "सर, जरा स्वयंपाकघरात येता?"

स्वयंपाकघरात सरांनी मुद्दाम भांड्यांचा आवाज केला.

"रक्त एक बोलतंय आणि घर दुसरंच बोलतंय," जबीन म्हणाली. "रोज एक भाकरी खाणाऱ्या माणसाचं वजन तीन महिन्यांत आठ किलो उतरत नाही. यंत्रानंच खूण केली आहे, मेळ बसत नाही म्हणून."

"जबीन!" बाहेरून खणखणीत आवाज आला. "पेशंट इकडं आहे. तिकडं काय कुजबुजताय? काय असेल ते फलाटावर येऊन सांगा."

जबीननं सरांकडे पाहिलं. सर सिंककडे बघत होते. ती बाहेर जाऊन कॉटजवळच्या स्टुलावर बसली.

"काकू, घरच्या माहितीसकट एकशे बारा दिवस दिसतात. नुसत्या रक्तावरून अडतीस."

उज्ज्वलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, फार बघावं लागलं नाही.

"तुम्ही ग्रेस दिलात," त्या म्हणाल्या.

"अगं, थोडंसंच..."

"किती?"

"चतकोराची एक." सर पुटपुटले. "रोज नाही. कधी कधी अर्धीची एक."

"वा! वा, मास्तर! मी त्या माणसाला चार तास बसवलं म्हणून तीस वर्षं स्वतःचा जीव खातेय. आणि तुम्ही मला तीन महिने बसवून ठेवलंत? जानेवारी म्हणत होते हो मी! जानेवारीत मला बसमध्ये बसता तरी आलं असतं का? पंधरा मिनिटांत येते, पंधरा मिनिटांत येते, असंच चाललं होतं की तुमचं!"

"मला तो आकडा उतरलेला बघवत नव्हता गं," सर म्हणाले आणि पोरासारखे रडायला लागले. "सकाळी उठून पहिला तोच बघायचो. एक भाकरी लिहिली की तो खाली येत नव्हता. वाटायचं, मीच तुला धरून ठेवलंय."

उज्ज्वलाबाईंचा राग काही लगेच गेला नाही. त्या आणखी बोलणार होत्या, पण जबीननं टॅब त्यांच्याकडे फिरवला.

"काकू, भाकरी सरांची. आणि हे दुखण्याचे आकडे कुणाचे? ब्याण्णव दिवस झाले, रोज दोन. ताप होता त्या दिवशी दोन. उलट्या झाल्या त्या दिवशी पण दोन."

आता सिंककडे बघायची पाळी उज्ज्वलाबाईंची होती, पण कॉटवरून सिंक दिसत नव्हतं.

"खरं सांगा. आत्ता किती?"

"आत्ता... सहा. रात्री सात-आठ होतं. कुशीवर वळता येत नाही."

"अगं मग सांगायचंस ना!" सर ओरडलेच.

"सांगून काय करणार होतात? रात्रभर पाय चेपत बसला असतात. तुमची शुगर वाढली असती."

जबीननं डोक्याला हात लावला. "कमाल आहे तुम्हा दोघांची. पट्टी तुमच्या दोनावर औषध सोडतेय, म्हणून दुखतंय. दुखतंय म्हणून जेवण जात नाही. जेवण जात नाही म्हणून सर खोटं लिहितात. सर, नववीला मला गणितात पस्तीस दिले होते तुम्ही. खरे किती होते?"

सरांना प्रत्येकाचे खरे मार्क पाठ असायचे. "एकोणतीस," ते म्हणाले.

"सहा ग्रेसचे. तेव्हा लई आनंद झाला होता. पुढं नर्सिंगला औषधाच्या डोसाची गणितं आली तेव्हा वर्षभर रडले मी. कुणी आधी सांगितलं असतं की तुला येत नाही, तर शिकले असते ना?"

जबीननं पट्टीचा आकडा बदलला. जाताना म्हणाली, खरा अंदाज दोन्हींच्या मधे कुठंतरी असेल, अडतीसाच्या जवळ. पंधरा दिवस खरं लिहा, मग नीट कळेल.

त्या रात्री उज्ज्वलाबाई कितीतरी दिवसांनी सलग झोपल्या. सकाळी उठून त्यांनी भूक लागली म्हणून सांगितलं आणि अर्धी भाकरी खाल्ली. खरोखरची अर्धी. सरांनी संध्याकाळी "अर्धी" लिहिली आणि त्या आकड्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

चार दिवसांनी, सोमवारी, दोघं पावणेपाचच्या चाफेर गाडीत बसले.

गाड्या आता विजेवर चालायच्या आणि माईकवर माणूस नसायचा. यंत्राच्या बाईनं गोड आवाजात गाडी पुकारली. "हिला घाई काय ते माहीत नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "झोपलेला उठेल का हिच्यानं?" सरांनी पाठीशी उशी दिली. जबीननं घाटातल्या हिसक्यांसाठी जिभेखाली मारायचा वेगळा फवारा दिला होता. तो दोनदा लागला. मुलीनं, ऋतुजानं, नाशिकहून फोनवर आरडाओरडा केला होता, अशा अवस्थेत कुणी डोंगरात नेतं का म्हणून. तिला उज्ज्वलाबाईंनी सांगितलं, "अशा अवस्थेत म्हणूनच. पुढच्या अवस्थेत जाता येणार नाही."

चाफेर म्हणजे वीस-बावीस घरं, एक शाळा, एक दुकान आणि गाडी वळवायला मोकळी जागा. अजून उजेड होता.

"एवढंच?" सरांच्या तोंडून गेलं.

"रोज ओरडून सांगत होते, मला वाटलं मोठं असेल," उज्ज्वलाबाई हसल्या.

बाळू झोरे दुकानासमोरच्या दगडावरच बसला होता. सत्तरी ओलांडलेला, अंगात बंडी, हातात काठी. कंडक्टरनं ओळख करून दिली. सरांनी बायकोला धरून समोरच्या बाकड्यावर बसवलं. त्यांना वाटलं होतं ती प्रस्तावना करेल, हवापाण्याचं बोलेल. तिनं काही केलं नाही.

"झोरे, मी कराडच्या स्टँडवरची माईकवाली. तुमची आई गेली त्या दिवशी मी तुम्हाला चार तास बसवलं. गाडी येणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं."

म्हाताऱ्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दुकानदार आतून डोकावला आणि परत आत गेला.

"कळलं व्हतं मला," झोरे शेवटी म्हणाला. "तुमच्या तोंडाकडं बघूनच कळलं व्हतं. लई शिव्या दिल्या मनात. पुढली दोन-तीन वर्सं देतच व्हतो." मग त्यानं विचारलं, "आज का आलासा?"

"मला कॅन्सर आहे. महिनाभर आहे हातात."

असं कुणी बोलतं का? सरांना कानांवर हात ठेवावासा वाटला. पण झोरे दचकला नाही. त्यानं नुसतं तिच्याकडे नीट पाहिलं, उतरलेल्या गालांकडे, हाताच्या काड्यांकडे.

"मग आलासा त्ये बरं केलं," तो म्हणाला. "माफ केलं म्हणत न्हाई. आई ती आई. पर सांगाय आलासा, त्ये मोठं केलं. चला घरात. दूध तापवाया सांगतो."

झोऱ्यांच्या सुनेनं ओसरीवर गादी घातली. दूध पिऊन उज्ज्वलाबाई भिंतीला टेकून बसल्या. सहा वाजून गेले होते, फोन दोनदा वाजला होता.

"लिहा," त्या म्हणाल्या. "खाल्लं चतकोर आणि अर्धा कप दूध. दुखणं सात."

"सात?" सरांनी फवारा काढला.

"सात. आणि मी फार मजेत आहे. आहे का तिथं जागा?"

मजेत आहे, असा पर्याय नव्हता. सरांनी खालच्या मोकळ्या चौकोनात ते टाइप केलं.

मग तिथंच, परक्या माणसांच्या ओसरीवर, ती मरणाबद्दल बोलली. घरात अडतीस वर्षांत जे बोलणं झालं नव्हतं ते तिथं सोपं वाटलं. शेवटी मला दवाखान्यात नेऊ नका. नळ्या नकोत. ऋतुजा ऐकणार नाही, तिला लिहून ठेवते. तेराव्याला बुंदी करू नका, मला बुंदी आवडत नाही हे तुम्हाला अजून माहीत नाही. आणि भाकरी शिका.

"भाकरी?"

"मी गेल्यावर काय बिस्किटं खाऊन राहणार आहात?"

"तू गेल्यावर," सर म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. "तू गेल्यावर मला फार भीती वाटणार आहे, उज्ज्वला."

"वाटू दे की," ती म्हणाली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. "मलाही वाटते. रोज वाटते. आज जरा कमी आहे."

उमेदीचे दिवस पुढं चव्वेचाळीस निघाले. खऱ्या आकड्यावर औषध मिळाल्यामुळे ते सहा वाढले, असं जबीन म्हणाली. ग्रेसचे नव्हते, कमावलेले होते. त्या दिवसांत उज्ज्वलाबाईंनी नवऱ्याला पीठ मळायला शिकवलं. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला तेव्हा त्या कॉटवरून म्हणाल्या, "दहापैकी दोन. ग्रेस मिळणार नाही." दिवाळीत ऋतुजा आली, रोज भांडली, रोज आईच्या कुशीत झोपली. शेवटच्या आठवड्यात तिनं अँब्युलन्सचा नंबर लावला, तेव्हा सरांनी आईनं लिहिलेला कागद तिच्या हातात ठेवला. ती तो वाचून खाली बसली. फोन तिनंच बंद केला.

उज्ज्वलाबाई नोव्हेंबर संपता संपता गेल्या, दुपारी, घरात, दोघांचे हात धरून. दुखणं शेवटच्या दिवशी तीन होतं, आणि ते खरं तीन होतं.

तेराव्याला बुंदी केली नाही. नातेवाइकांनी नावं ठेवली. ऋतुजा नाशिकला गेली आणि घर रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन वाजला. सर दचकले. त्यांना वाटलं, बंद करायचं राहून गेलं. पण प्रश्न वेगळा होता.

"थोरवडे सर, आज तुम्ही किती खाल्लं?"

जबीननं मागे सांगितलं होतं ते त्यांना आठवलं. मागं राहणाऱ्यालाही ही सेवा वर्षभर विचारत राहते. तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. ताटात सकाळची भाकरी होती, स्वतः थापलेली, कडेला फाटलेली. चतकोर गेला होता. सरांचं बोट सवयीनं "एक"वर गेलं. मग त्यांनी ते उचललं आणि "चतकोर"वर ठेवलं.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे" हा पर्याय पहिलाच होता. सरांनी मोकळा चौकोन उघडला. चष्मा पुसला. एकेक अक्षर शोधत लिहिलं, "बरं नाही."

दहा मिनिटांत फोन आला. जबीन होती.

"सर, येऊ का?"

नको गं, कशाला उगाच, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"ये," ते म्हणाले.